कटर शेवटी घ्या: सोलापुरात लाकूड कोरून घर चालवायचं तर कामाचा क्रम

वर्षातून चार-पाच पोरं माझ्या शेडवर येतात. हातात नवाकोरा चेनसॉ, म्हणजे झाडं कापायचा कटर, मोबाइलमध्ये अस्वल कोरणाऱ्या कुठल्यातरी परदेशी माणसाचे व्हिडिओ, आणि प्रश्न ठरलेला: "अण्णा, गिऱ्हाईक कुठं मिळतं?" मी विचारतो, लाकूड कुठाय? "ते काय, आणू की." वाळलेलं? त्यावर गप्प. सहा महिन्यांनी तोच चेनसॉ अर्ध्या किमतीत विकायला निघतो.

चूक मशीनची नसते. क्रम उलटा असतो. आधी कटर, मग ओलं लाकूड, मग घाईत केलेला गणपती, मग उन्हाळ्यात गेलेला तडा, आणि शेवटी पैसे परत. मीही ह्याच वाटेनं गेलोय. पहिलं मोठं काम जुलैत घेतलं, नुकत्या पडलेल्या कडुनिंबाचं. मार्चमध्ये त्या गणपतीच्या कपाळापासून सोंडेपर्यंत बोट जाईल एवढी भेग पडली. तेव्हा खाली दिलेला क्रम मोडू नका. टप्पा चार झाल्याशिवाय टप्पा पाचचं दुकान चढू नका.

टप्पा १: लाकूड आणि त्याचे कागद

पहिल्या दिवशी काहीही कोरायचं नाही. वखारी फिरायच्या, सॉ मिलवर जायचं, जुने वाडे पाडणाऱ्या ठेकेदारांशी ओळख करायची.

आपल्याकडे सहज मिळणारं लाकूड आणि त्याचा स्वभाव असा:

*कडुनिंब.* भरपूर मिळतो, किडा कमी लागतो, कोरायला मध्यम. लाकडातल्या रेषा मात्र आलटून पालटून उलट्या जातात, त्यामुळे पटाशी एका बाजूनं गुळगुळीत चालते आणि बोटभर पुढं गेलं की ढलपी उचकटते. शिकायला उत्तम, कारण चूक लगेच दाखवतो.

*जुनं सागवान.* वाड्यांच्या तुळया, खांब, चौकटी. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं, तडा जायची भीती जवळजवळ नाही. महाग आहे आणि आत खिळे असतात.

*शिवण.* मिळाली तर सोडू नका. हलकी, स्थिर, पटाशीखाली लोण्यासारखी. आपल्या भागात कमी मिळते.

*वर्षावृक्ष*, म्हणजे रेन ट्री. रस्त्याकडेचे मोठे वृक्ष वादळात पडतात. हे लाकूड वाळताना फार कमी आकसतं, म्हणून मोठ्या घेराच्या कामाला भरवशाचं.

*आंबा.* मऊ आहे, पण पावसाळ्यात निळी-काळी बुरशी धरतो आणि किडा लागतो. पैशाच्या कामाला मी वापरत नाही.

*बाभूळ आणि चिंच.* दोन्ही कठीण. बाभळीच्या मोगऱ्या, म्हणजे पटाशी ठोकायचे लाकडी हातोडे करा, चिंचेचे ओट्यावर चिरायचे ठोकळे करा. पहिल्या वर्षात मूर्ती करू नका, हत्यारांची धार आणि मनगट दोन्ही जातील.

*निलगिरी, सुबाभूळ.* फुकट मिळाली तरी नको. निलगिरी पिळवटते आणि फाटते, सुबाभळीतून वर्षभरात पिठासारखा भुसा गळायला लागतो.

शिरीष कोरताना शिंका थांबत नाहीत, त्याची धूळ नाकाला झोंबते. मास्क असेल तरच हात लावा.

आता कागद. शहराच्या हद्दीत झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा आहे. गावाकडं १९६४ चा झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा लागतो. त्याच्या यादीत साग, चिंच, आंबा, जांभूळ, फणस, खैर, मोह, हिरडा, चंदन अशी झाडं आहेत. शेत मालकाचं असलं तरी ह्या झाडांना परवानगी लागते. "शेतकऱ्यानं स्वतः दिलंय" एवढं सांगून टेम्पो सुटत नाही.

इशारा: वखारीतून घेताना पक्कं बिल मागा, जिथं लागतो तिथं वाहतूक परवान्याचा नंबर बिलावर लिहून घ्या. बिलांची एक फाइल शेडमध्येच ठेवा. चंदनाच्या तुकड्यालाही हात लावू नका, कितीही ओळखीचा माणूस घेऊन आला तरी.

माप कसं घेतात तेही समजून घ्या. गोल ओंडक्याचा घेर मोजतात, त्याला चारानं भागतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीनं गुणतात. ४८ इंच घेर आणि ६ फूट लांबी असेल तर ४८ भागिले ४ म्हणजे १२ इंच, म्हणजे १ फूट. १ गुणिले १ गुणिले ६, झाले ६ घनफूट. खरं लाकूड ह्याहून सव्वापटीच्या थोडं वर असतं, साडेसात घनफुटांच्या पुढं. तो फायदा तुमचा, पण साल, गाठी आणि फाटलेली टोकं त्यातूनच जातात. घेर सालीवरून मोजला की साल काढून, हे भाव ठरवण्याआधी विचारा.

तपासणी: ताज्या लाकडाचं एक घनफूट साधारण २८ ते ३० किलो भरतं. सहा घनफुटाचा ओंडका दोघांनी उचलायचा विचारही करू नका. पहारी, लाकडी रूळ आणि चार माणसं लागतात.

टप्पा २: वाळवणं, जिथं सगळे घसरतात

वखारीत "मालक, वाळलंय का?" असं विचारलं की "वाळलंय की, बगा ना" हेच ऐकू येणार. वरचा इंचभर भाग वाळलेला असतो, आत पाणी असतं. हजार-दोन हजारांचं ओलावा मोजायचं यंत्र घ्या आणि ओंडका कापून आतल्या ताज्या भागात त्याची टोकं टोचा. बाहेरून टोचून आलेला आकडा काही कामाचा नाही.

सोलापूरचा उन्हाळा लाकडाचा शत्रू आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर आणि हवा कोरडी ठाक, तेव्हा लाकडातला ओलावा ५-६ टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो. पावसाळ्यात तेच लाकूड १२-१३ टक्क्यांपर्यंत परत ओलावा खेचतं. म्हणजे दरवर्षी ते आकसतं आणि फुगतं. शिवाय लाकूड घेराच्या दिशेनं जेवढं आकसतं, त्याच्या निम्म्याच्या आसपासच मध्यापासून सालीकडं आकसतं. ह्या ओढाताणीतून अख्ख्या गोल ओंडक्याला मध्यापासून सालीपर्यंत चीर पडते. पडणारच. ती कुठं पडावी हे ठरवणं एवढंच आपल्या हातात.

करायचं असं, ह्याच क्रमानं:

१. ओंडका आल्याच्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइल पेंट जाड फासा. "उद्या करू" म्हटलं आणि मे महिना असला, तर दुसऱ्या दिवशी टोकावर चांदणीसारख्या चिरा दिसतात.

२. साल काढा. सालीखालीच किडा घर करतो.

३. कामाची मागची बाजू ठरवा आणि त्या बाजूनं चेनसॉनं लांबीभर एक खाच मारा, सालीपासून मध्यबिंदूपर्यंत. ओंडका आकसताना ती खाच रुंदावते आणि पुढची बाजू वाचते. तुमच्याकडं अजून चेनसॉ नाही ना? झाड तोडणाऱ्या माणसाला चहा पाजून त्याच्याकडून मारून घ्या.

४. विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर आडवा ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका, वाळवी लागते. सावलीत, पण वारा थेट नको. उन्हाळ्यात वर ओली-कोरडी गोणपाटं टाका म्हणजे वाळण्याचा वेग मंदावतो.

५. ओंडक्यावर खडूनं तारीख, जात आणि घेर लिहा. वहीत नोंद ठेवा.

किती दिवस? फळीला ढोबळ हिशोब इंचाला एक वर्ष. चौदा इंची ओंडक्याला हा हिशोब लावला तर तुमची मुलं कोरायला बसतील. म्हणून मोठ्या कामाला दुसरी वाट: ओला असतानाच ढोबळ आकार काढा, मागून किंवा खालून पोकळ करा, भिंत दोन-अडीच इंचच ठेवा, मग गोणपाटात गुंडाळून चार-सहा महिने ठेवा. पातळ भिंत सगळीकडून सारखी वाळते. त्यानंतर बारीक काम. मी आता मोठं काम ह्याच पद्धतीनं करतो.

नेहमीची चूक: ओला ओंडका लवकर वाळावा म्हणून पत्र्यावर उन्हात टाकणं. बाहेरचा थर कडक होतो, आतला ओला राहतो, आणि एक दिवस दुपारी शेडमध्ये फटाक्यासारखा आवाज येतो.

टप्पा ३: जागा

चेनसॉचा आवाज कानाजवळ १०० डेसिबलच्या वर जातो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे. पेठेत किंवा गल्लीत हे काम चालणार नाही, शेजारी आठवडाभर सहन करतील आणि मग पोलीस येतील. शहराबाहेर शेतातली शेड, नाहीतर चिंचोळीच्या किंवा अक्कलकोट रोडच्या औद्योगिक भागातला लहान गाळा बघा. हातकाम घरी करता येतं, फक्त मोगरीचा आवाज दुपारच्या झोपेच्या वेळी नको.

शेडला छप्पर, तीन बाजू उघड्या, खाली मुरूम किंवा माती. सिमेंटची फरशी टाळा, त्यावर पटाशी पडली की धारेचा तुकडा जातो. पाण्याचा ड्रम आणि वाळूच्या दोन बादल्या पहिल्या दिवसापासून.

टप्पा ४: हातातली हत्यारं आणि धार

सुरुवातीला एवढं पुरतं: सरळ पटाशा अर्धा इंच आणि एक इंच, गोल पटाशा तीन (एक उथळ, एक मध्यम, एक खोल), एक व्ही-आकाराची कोरणी, बाभळीची मोगरी, लाकूड तासायचा एक वाकस, करवत, लाकडाची कानस, गुण्या. जुन्या सुतारांकडून वापरलेली हत्यारं मिळाली तर आधी तीच घ्या. त्यातलं पोलाद बाजारातल्या चकचकीत संचापेक्षा बहुतेक वेळा चांगलं निघतं, आणि संचातल्या बारापैकी आठ पटाशा वर्षभर पेटीतच राहतात.

हत्यार मिळालं म्हणजे काम सुरू, असं नव्हे. पहिला महिना धार लावायला शिका. उतार २० ते २५ अंशांचा ठेवा, कठीण लाकडाला थोडा जास्त. आधी जाड दगडावर घासायचं, धारेच्या मागं बारीक कंगोरा उठेपर्यंत. बोट पात्यावरून धारेकडं हलकेच सरकवलं की तो नखाला लागतो. पूर्ण लांबीभर लागला तरच बारीक दगडावर जायचं. शेवटी कातड्याच्या पट्ट्यावर पॉलिशचं हिरवं मेण लावून मागच्या दिशेनं ओढायचं, दोन्ही बाजूंनी, दहा-बारा वेळा. गोल पटाशीची आतली बाजू विसरू नका. त्यासाठी पट्टा एका गोल काठीला गुंडाळून ठेवा.

माझे गुरू पहिले काही आठवडे कोरूच देत नव्हते. कडुनिंबाच्या फळीवर आडव्या रेषेत पटाशी मारायला लावायचे आणि खाच उन्हाकडं धरून बघायचे. खाचेचा तळ काचेसारखा चमकला तर मान हलवायची, पांढुरका खरखरीत दिसला तर हत्यार परत दगडाकडं. मला राग यायचा. आता मीही पोरांकडून तेच करून घेतो.

तपासणी: रेषेला आडवा काप चमकतो का? नाही, तर मोगरी खाली ठेवा. बोथट पटाशीला जोर लागतो, आणि जोर लावलेली पटाशी निसटून दुसऱ्या हातात घुसते. दुसरा हात कधीही धारेच्या पुढं नको.

ह्या टप्प्यात रोज कामं करा: नावाच्या पाट्या, पाटाच्या कडेची वेल, लहान नंदी, देव्हाऱ्यावरचा मोर. ह्यातून थोडे पैसे सुटतात, आणि रेषा कुठून उचलते ते हाताला कळायला लागतं.

टप्पा ५: आता चेनसॉ

बाजारात ५८ सीसी, २२ इंच बारचं (ज्या पट्टीवर चेन फिरते तो बार) मशीन सगळीकडं दिसतं आणि स्वस्त असतं. ते झाड पाडायला आहे. बार-चेनसह सहा-सात किलो वजन दिवसभर हवेत धरून नाक-डोळे कोरता येत नाहीत. ढोबळ कामाला ३५ ते ४५ सीसी, १४ किंवा १६ इंची बार पुरे. बारीक कामाला वेगळा कार्व्हिंग बार लागतो, दहा-बारा इंची, ज्याचं टोक नाण्याएवढं अरुंद असतं. त्याला पाव इंच पिचची चेन बसते. पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर.

इशारा: बार, चेन आणि मशीनचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), तिन्हींची पिच एकच हवी. नुसता बार मागवून जुन्या स्प्रॉकेटवर चढवला तर चेन उडते. कार्व्हिंग बारच्या टोकाला बेअरिंग नसतं, तो लवकर तापतो, म्हणून तेलाचं टाकं दर वेळी पेट्रोलबरोबर भरा.

मशीनच्या आधी किंवा निदान मशीनच्या बरोबर हे घ्या: चेहऱ्यावर जाळी आणि कानांवर मफ असलेलं हेल्मेट, चेन अडवणारी पँट किंवा चॅप्स, पायाला पोलादी टोकाचे बूट, एन-९५ मास्क. चॅप्समधले लांब धागे चेनमध्ये अडकून ती क्षणात थांबवतात. जीन्सची पँट तसं करत नाही. उकडतं म्हणून लोक चॅप्स काढतात. त्यावर माझा उपाय एकच, उन्हाळ्यात मशीन सकाळी अकरापर्यंतच चालवायचं. मास्कबद्दलही हसू नका. लाकडाची बारीक धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोगकारक म्हणून नोंदवलेली आहे, आणि ती तंबाखूच्याच गटात आहे.

सुरू करण्यापूर्वी, रोज, ह्याच क्रमानं:

१. चेनचा ताण थंड असताना तपासा. खालून लोंबायला नको, हातमोज्यानं ओढली तर सहज फिरायला हवी.

२. चेनला धार. पाव इंच पिचला ४ मिलिमीटरची गोल कानस, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन घास, कोन ३० अंश. एका बाजूच्या दातांना जास्त घासलं तर काप वाकडा जातो. कापताना जाड कपचे पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबा.

३. मिश्रण. मशीनच्या पुस्तकात ५०:१ असेल तर लिटरला २० मिलि टू-स्ट्रोक ऑइल, २५:१ असेल तर ४०. अंदाजानं ओतू नका. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यामुळं पंधरा दिवस मशीन बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा, नाहीतर कार्बोरेटर तुंबतो.

४. चेनला चांगलं बार ऑइल. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण ते लाकडावर काळे डाग पाडतं, कोरलेल्या चेहऱ्यावर तर ते कधीच निघत नाहीत.

५. चेन ब्रेक पुढं ढकलून लावा, मशीन जमिनीवर ठेवा, मागच्या दांड्यात उजवा पाय घाला, मग दोरी ओढा. हवेत लटकवून सुरू करायचं नाही.

किकबॅक म्हणजे काय ते पाठ हवं. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की चेन अडते आणि सगळं मशीन उसळून थेट तुमच्या तोंडाकडं येतं. सावरायला वेळ मिळत नाही. कार्व्हिंग बारचं टोक अरुंद असल्यानं हा झटका कमी बसतो, म्हणून टोकानं कोरणं त्याच बारनं करायचं, साध्या बारनं कधीच नाही. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून वळलेला हवा. डोकं बारच्या रेषेच्या बाजूला. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही. उंच काम असेल तर मचाण बांधा किंवा ओंडका आडवा करा.

ग्राइंडरचंही सांगून ठेवतो. चार इंची ग्राइंडरला चेन लावलेली चकती बसवून कोरायची फॅशन आहे. मी माझ्या शेडमध्ये ती येऊ देत नाही. ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो आणि त्याला चेन ब्रेक नसतो. काटेरी कार्बाइडची चकती वापरा, गार्ड काढू नका.

टप्पा ६: कोरण्याचा क्रम

समजा तीन फुटी, चौदा इंच जाडीचा ओंडका आहे आणि त्यातून उभा विठ्ठल काढायचाय.

पहिलं काम लोखंड शोधणं. रस्त्याकडेच्या झाडांत जाहिरातींचे खिळे, तारा, कधी दगडही असतात. वाड्याच्या तुळईत हातानं घडवलेले जुने चुके. जोरदार लोहचुंबक सगळीकडून फिरवा. लाकडावर निळा-काळा डाग दिसला तर तिथं लोखंड आहे असंच समजा.

दुसरं, ओंडका पक्का बसवणं. खाली दोन फुटी रुंद जाड फळी, त्यातून खालून चार लांब स्क्रू. हलवून बघा. तुमच्या जोरानं हलला तर मशीनच्या जोरानं नक्की हलणार.

तिसरं, रेखाटन. समोरून आणि बाजूनं अशी दोन चित्रं, खऱ्या मापात, कागदावर. मग काळ्या मार्करनं ओंडक्यावर. कागदावर न काढता थेट मशीन चालवणारा माणूस हमखास कंबर बारीक करून बसतो, आणि कमरेवरचे हात ठेवायला जागा उरत नाही. मुकुट, खांदे, कमरेवरचे कोपर आणि वीट, ह्या चार रेषा सगळीकडून गोल फिरवून घ्या.

मग काप. आधी बाजूनं दिसणारी आकृती सरळ कापांनी मोकळी करा, मग समोरची. मोठे पृष्ठभाग आधी, खळगे नंतर. मुकुटाच्या टोकापासून वीटेपर्यंत सगळं एकाच वेळी पुढं न्या. चेहरा आधी पूर्ण करून मग पाय करायला गेलात तर पाय मावत नाहीत. नाक मोठं ठेवा, डोळे लहान. नाक केव्हाही कमी करता येतं, खोल गेलेला डोळा परत भरत नाही.

मशीननं कडेच्या रेषेपर्यंत जायचं नाही. पाच-सहा मिलिमीटर राखा. तेवढं हातानं काढायचं, कारण चेनच्या जखमा खोल जातात आणि पॉलिशखाली रेघोट्या दिसतात. त्यानंतर ग्राइंडर, मग गोल पटाशी, मग बारीक पटाशी. चेहरा आणि हाताची बोटं मी फक्त पटाशीनं करतो. सगळं काम घासून गुळगुळीत करण्याचा हट्ट नको; धोतराच्या चुण्यांवर पटाशीच्या खुणा राहू द्या. गिऱ्हाईक त्याच खुणांवरून बोट फिरवून विचारतं, "हातानं केलंय ना?"

तपासणी: दर अर्ध्या तासानं मशीन बंद करा आणि दहा पावलं मागं जा. जवळून सगळंच बरोबर वाटतं.

टप्पा ७: तेल, पॉलिश आणि एक आगीची गोष्ट

घरात राहणाऱ्या कामाला उकळलेलं जवसाचं तेल दोन-तीन हात, प्रत्येक हातामध्ये एक-दोन दिवस सोडून, वर मधमाशीच्या मेणाचा हात. बाहेर राहणाऱ्या कामाला तेल दरवर्षी पावसाळ्यानंतर. ओल्या लाकडावर पीयू किंवा टचवुडसारख्या वार्निशचा बंद थर मारू नका. आतला ओलावा बाहेर पडायला वाट शोधतो आणि थर सालीसारखा सुटतो.

इशारा: जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता तयार होते आणि चिंध्यांचा गोळा आपोआप पेटतो. माझ्या शेडमध्ये मे महिन्यात एकदा तसा धूर निघाला होता, भुशाचा ढीग चार फुटांवर होता. तेव्हापासून चिंध्या पाण्याच्या डब्यात.

बाहेर ठेवायचं काम थेट मातीवर बसवू नका. दगडी किंवा सिमेंटच्या ओट्यावर, खाली स्टीलची पिन घालून तीन-चार इंच उचललेलं हवं. वाळवी आणि पावसाचं पाणी दोन्ही खालूनच चढतात.

टप्पा ८: दर

"किती घेता?" म्हटल्यावर पोरं डोळे वर करून एक आकडा फेकतात. तो बहुतेक वेळा लाकूड आणि पेट्रोलचा निघतो, पोटाचा नाही.

हिशोब असा मांडा. समजा घराला महिन्याला ३०,००० लागतात. शेडचं भाडं, वीज, पेट्रोल, चेन-बार, हत्यारं, किरकोळ असे १४,०००. झाले ४४,०००. महिन्यात २६ दिवस आठ तास म्हणजे २०८ तास, पण गिऱ्हाईक, वखार, धार, झाडलोट, टेम्पोची वाट बघणं वजा जाता प्रत्यक्ष कोरण्याचे तास निम्मेच राहतात. शंभर धरा. ४४,००० भागिले १०० म्हणजे तासाला ४४०. तीस तासांच्या मूर्तीची मजुरी १३,२००. त्यात लाकूड २,५००, तेल-पॉलिश ८००, वाहतूक १,००० मिळवा. १७,५०० च्या खाली ते काम घेतलं तर पदरचे घालताय. आकडे तुमचे वेगळे येतील, रीत हीच. पहिले सहा महिने प्रत्येक कामाचे तास वहीत लिहा, नाहीतर "तीस तास" हाही अंदाजच.

पैसे तीन हप्त्यांत घ्या: निम्मे आधी, काही ढोबळ आकार दाखवल्यावर, उरलेले टेम्पोत चढवण्यापूर्वी. कागदावर माप, लाकडाची जात, कुठं ठेवणार (आत की बाहेर), आणि बारीक चिरा हा लाकडाचा स्वभाव आहे हे स्पष्ट लिहा आणि सही घ्या. ओळखीच्या माणसाकडून तर आधी घ्या.

भांडवलाचं एवढंच: पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि ५ टक्के व्याजानं पहिल्या टप्प्यात १ लाख, दुसऱ्यात २ लाख कर्ज मिळतं. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सामायिक सेवा केंद्रावर होते. उद्यम नोंदणीही करून घ्या. ती फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

टप्पा ९: कोणासाठी आणि कधी

सपाट दरवाज्यावरची वेलबुट्टी, जाळी, ओम-स्वस्तिक ह्यात संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनशी स्पर्धा करू नका. ते रात्रभर चालतं आणि जेवायला मागत नाही. तुमची जागा गोल, खोल, चारी बाजूंनी बघायच्या कामात आहे.

सोलापुरात अशी कामं आहेत, विचारणारा हवा. हुरड्याच्या मोसमात गजबजणारी कृषी पर्यटन केंद्रं, पुणे आणि हैदराबाद रस्त्यावरची मोठी हॉटेलं, फार्महाउस. नान्नजच्या माळढोकाची किंवा उजनीच्या रोहित पक्ष्याची लाकडी प्रतिकृती दाखवा, कुठल्याही परदेशी अस्वलापेक्षा ती लवकर विकली जाते. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरच्या वाटेवर विठ्ठल, स्वामी आणि भवानीची मागणी बारमाही. देवस्थानाच्या पालखी-रथाच्या दुरुस्तीची कामं तोंडी शिफारशीवर मिळतात, पहिलं काम नीट वेळेत दिलंत की पुढची येतात.

वेळेचं गणित उलटीकडून करा. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावायचा असेल, तर लाकूड मागच्या पावसाळ्याआधीच शेडमध्ये हवं. आषाढीचा विठ्ठल हवा म्हणून ज्येष्ठात आलेलं गिऱ्हाईक सोडून द्या, किंवा जुन्या सागवानात लहान आकाराचं काम सुचवा. ओल्या लाकडात "करून देतो" म्हणू नका.

यात्रेच्या स्टॉलवर मोठी मूर्ती लक्ष वेधते, विकल्या जातात त्या लहान वस्तू. एक मोठी ठेवा आणि शंभर ते हजार रुपयांतल्या पन्नास.

टप्पा १०: "तडा गेलाय" असा फोन आल्यावर

येतोच. एप्रिलमध्ये.

वाद घालू नका, जाऊन बघा. मूर्ती कूलरच्या किंवा एसीच्या झोतात, किंवा पश्चिमेच्या खिडकीत असेल तर आधी हलवा. भुसा आणि फेविकॉल कालवून भेग गच्च भरण्याचा मोह होतो, पण उन्हाळ्यात भेग सगळ्यात रुंद असते. तेव्हा कडक भराव घातला की पावसाळ्यात लाकूड फुगून त्या भरावाला दाबतं आणि चीर दुसरीकडं निघते. त्याऐवजी त्याच लाकडाची, त्याच दिशेच्या रेषेची निमुळती पाचर तासा, तिच्या एकाच बाजूला गोंद लावा आणि हलक्या हातानं बसवा. दुसरी बाजू मोकळी राहू द्या म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते. वरची कड पटाशीनं मूर्तीच्या आकारात मिळवा आणि तेलाचा हात द्या.

माझ्या त्या पहिल्या गणपतीच्या कपाळात अशीच कडुनिंबाची पाचर आहे. मालकांनी पैसे परत मागितले होते, मी निम्मे दिले, आणि पाचरेचं काम फुकट करून दिलं. गंधाच्या जागी ती बसली आहे, त्यामुळे पाहुण्यांना कळत नाही. मला मात्र दारातूनच दिसते.